तळ्याकाठची सायकल

वसई तालुक्यातील गास, निर्मळ आणि सोपारा या मुलखात, जेथे चढउतार जवळजवळ नाहीत आणि वाडीच्या सावलीतून निघालेली वाट कधी तलावाच्या काठाने, तर कधी खाजणाच्या बांधावरून जाते, तेथे जाड टायरांच्या माउंटन बाइकला पर्वताची मुळीच आवश्यकता नाही. नरम मातीत टायरांतील हवा किंचित कमी ठेवावी; त्यायोगे रबराचा भूमिस्पर्श विस्तारतो, भार विभागला जातो आणि चाक रुतत नाही. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ज्याचे उत्खनन केले, तो प्राचीन शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, स्तूप येथून निकटच आहे. तेथे अवश्य उतरावे. मात्र पावसाळ्यात बांधावर सायकल घालू नये, कारण ओल्या मातीत उमटलेल्या चाकोरीतूनच पाणी वाहू लागते आणि बांध खचतो.