पदराला खार लावून शिक्षा

तिकिटांच्या खिडकीपुढे लांबलचक रांग लागली आहे. एवढ्यात एक गृहस्थ मागून येतात आणि सरळ पुढे घुसतात. रांगेत गलका होतो. पण त्यांच्याशी भांडायला उभा राहतो कोण? कधीकधी, ज्याचे तिकीट काढून झाले आहे तो! त्या घुसखोरीने त्याचे काहीच बिघडलेले नसते. उलट भांडणात त्याचाच वेळ जातो, गाडी चुकण्याची भीती असते. तरीही त्याला राहवत नाही. असे का व्हावे?

‘अन्याय सहन होत नाही म्हणून,’ असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पण जो तो आपला फायदा पाहतो असे मानले, तर दुसऱ्याला धडा शिकवण्यासाठी स्वतःच्या पदराला खार लावणे हे एक कोडेच ठरते. शास्त्रज्ञांनी हे कोडे साध्या खेळांच्या मदतीने सोडवायला घेतले.

१९८२ साली वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन जर्मन सहकाऱ्यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समजा, ‘अ’ला १०० रुपये दिले. त्यातले किती ‘ब’ला द्यायचे ते ‘अ’ने ठरवायचे. ‘ब’ने होकार दिला तर त्याप्रमाणे वाटणी होते, नकार दिला तर दोघांनाही काही मिळत नाही. हिशेबी माणसाने १० रुपयेसुद्धा घ्यावेत, कारण शून्यापेक्षा दहा केव्हाही अधिकच! प्रत्यक्षात काय घडते? पुढे अनेक देशांत हा खेळ खेळला गेला, तेव्हा एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून कमी देऊ केले तर सुमारे निम्मे लोक ‘नको’ म्हणतात, असे दिसून आले.

पण येथे ‘ब’वर स्वतःवरच अन्याय झालेला असतो, शिवाय खेळ दोघांचाच. समूहात काय होते? अर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांनी झुरिक येथे २४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे गणित आपणही करून पाहू.

चौघांचा एक गट. प्रत्येकाजवळ २० टोकने. खेळ संपल्यावर त्यांचे रोख पैसे मिळतात. प्रत्येकाने हवी तेवढी टोकने सामाईक पेटीत टाकायची. पेटीतल्या दर ५ टोकनांमागे चौघांनाही प्रत्येकी २ टोकने मिळतात; ज्याने काहीच टाकले नाही त्यालासुद्धा! चौघांनी सर्व टोकने टाकली, तर पेटीत ८० जमतात आणि प्रत्येकाला ३२ मिळतात. आता एकाने लबाडी केली. पेटीत ६० जमली, प्रत्येकाला २४ मिळाली. लबाडाजवळ मात्र स्वतःची २० धरून ४४ झाली! मग इतरांनी प्रामाणिक का राहावे? फेरीगणिक पेटी रिकामी होत जाते.

आता एक नियम बदलला. स्वतःचे १ टोकन खर्च केले, तर दुसऱ्याची ३ टोकने कापता येतात. समजा, दोघांनी प्रत्येकी २ टोकने खर्चली. लबाडाची १२ गेली, उरली ३२. म्हणजे प्रामाणिकपणे वागता तर मिळाली असती तेवढीच. शिक्षा करणाऱ्यांजवळ मात्र प्रत्येकी २२ उरली.

येथेच खरी मेख आहे. दर फेरीला गट बदलत होते आणि तीच माणसे पुन्हा भेटणार नव्हती. लबाड सुधारला तरी लाभ होणार तो पुढच्या फेरीतल्या परक्यांना! तरीही ऐंशी टक्क्यांहून अधिक खेळाडूंनी एकदा तरी अशी शिक्षा केली, आणि पेटीतली भर वाढत गेली. म्हणूनच या वागण्याला ‘परोपकारी शिक्षा’ असे नाव मिळाले.

शिक्षा करणारा हा हिशेब मांडून बसतो का? नाही. त्याला राग येतो. २००४ साली झुरिकच्याच शास्त्रज्ञांनी, विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा करायची की नाही हे ठरवीत असलेल्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली. बक्षीस मिळताना कार्यशील होणारा मेंदूतला एक भाग तेव्हा अधिक कार्यशील झालेला आढळला. म्हणजे शिक्षा करण्यात एक प्रकारचा गोडवा आहे!

आणि तेथेच धोकाही आहे. २००८ साली जगातल्या १६ शहरांत झालेल्या अशाच खेळाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही शहरांत पुष्कळ खेळाडूंनी शिक्षा केली ती केवळ लबाडांना नव्हे, तर पेटीत चांगली भर टाकणाऱ्यांनाही! तेथे शिक्षेची सोय असूनही सहकार्य फारसे वाढले नाही. ‘फार शहाणा समजतो स्वतःला’ असे म्हणून वर्गातल्या प्रामाणिक मुलाला एकटे पाडणे, हे याच जातीचे वागणे नव्हे काय?

हा खेळ चिंचोके घेऊन वर्गातही खेळता येईल. पाच फेऱ्या शिक्षेवाचून आणि पाच शिक्षेसह खेळा आणि पेटीतला आकडा फळ्यावर मांडत जा. शेवटी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी दंड केला तो नियम मोडणाऱ्याला, की केवळ मला न आवडणाऱ्याला? राग दोन्ही वेळा सारखाच येतो. पेटी भरते ती मात्र पहिल्यानेच.