चावी मिळाली, पण आईचा मुक्काम जुन्याच घरी!

ईएमआय तुमचा. टाइल्स बायकोच्या पसंतीच्या. मॉड्युलर किचनचं कोटेशनही तुम्हीच ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये ओके केलेलं. वास्तुशांत एकदम झकास झाली, वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीवर अख्खी गल्ली जेवली. सोमवारी तुम्ही पुन्हा हिंजवडीत. आणि महिन्याभरानं फोनवर कळतं की, आई-आप्पा अजून जुन्या घरातच झोपतात. सकाळी नव्या घरी जाऊन देवापुढे दिवा लावायचा, झाडांना पाणी घालायचं आणि कुलूप लावून परत!

नोकरी पुण्यात आणि आई-वडिलांसाठी घर अमळनेरात, हा फंडा आता जुना झालाय. (गंमत म्हणजे, हिंजवडीत ऑफिस असलेली विप्रो मूळची अमळनेरचीच. १९४५ साली ती इथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली.) पण घर विकत घेणारा एक आणि राहणारा दुसरा असला की, 'सेटल' होणं इतकं सोपं राहत नाही. आईला कौतुक नाही असं समजू नका. तिचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

पहिला प्रॉब्लेम उन्हाचा. खान्देशातलं जुनं धाब्याचं घर दिसायला साधं, पण डोकं लावून बांधलेलं. जाड भिंती, लाकडी सरे, वर मातीचा थर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास गेला तरी आतली खोली गार. रात्री धाब्यावर अंथरूण टाकलं की झालं. तुमच्या नव्या फ्लॅटवर मात्र सिमेंटचा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो. मग पीओपीचं फॉल्स सिलिंग कितीही कूल दिसो, आईचा डोळा लागत नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर अमळनेरात आई-वडिलांसाठी सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊच नका. तळमजला किंवा रो-हाऊस बघा. घेऊन झालाच असेल तर गच्चीवर पांढरा चुना नाहीतर उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढा. इथली हवा कोरडी, त्यामुळे साधा पाण्याचा कूलर मस्त काम करतो. मुंबईच्या दमट हवेत तो फारसा चालत नाही, इथे चालतो. फक्त कूलरलाही पाणी लागतं आणि नळाला रोज पाणी येईलच असं नाही. तेव्हा सोफ्याआधी टाकीचं बघा!

दुसरा प्रॉब्लेम ओट्याचा. जुन्या घराला ओटा होता. संध्याकाळी तिथे बसलं की, येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. भाजीवाली तिथेच टोपली उतरवायची. फ्लॅटला ओटा नसतो, सेफ्टी डोअर असतं. तुम्हाला पुण्यात जी 'प्रायव्हसी' वाटते, ती आईला इथे शिक्षा वाटू शकते. नव्या कॉलनीत तुम्ही गेलात तर एखाद्या आजी विचारतील, "कोना पोऱ्या शे रे तू?" वैतागू नका, नीट उत्तर द्या. तुमच्या आईची ओळख त्या उत्तरातून सुरू होणार आहे.

आता थोडं कागदांचं. खरेदीखत झालं म्हणजे संपलं नाही. नगरपरिषदेत घरपट्टीला नाव, मिळकत पत्रिकेवर नोंद, महावितरणच्या मीटरचं नाव, ही कामं सुट्टी काढून तुम्ही करा, आप्पांवर ढकलू नका. घर अजून घ्यायचंच असेल तर १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावरच्या घराला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण सोबत तुमचं नाव लावलंत की ती गेली. आणि नाव नाही लावलंत तर जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट तुम्हाला मिळत नाही. दोन्ही आकडे मांडून बघा.

पण आईचं मन नेमकं कुठे अडकलंय? बहुतेक वेळा उत्तर असतं, देव आणि पितर. आखाजीला घागर भरतात, वर डांगर नि आंबा ठेवतात, सांजोऱ्या करतात. ती घागर ज्या घरात भरली जाते, तिथे आपली गेलेली माणसं येतात, अशी श्रद्धा. मग पहिली घागर नव्या घरात भरायची की जुन्या? हा प्रश्न तुमच्या वास्तुविशारदानं विचारलेला नसतो. तुम्ही विचारा. आखाजीला माहेरी येणाऱ्या बहिणीलाही विचारा, कारण तिचा झोका जुन्या घरापुढच्या निंबाला बांधलेला असायचा.

श्रावणात कानबाई. त्या वेळी घराण्यातल्या माणसांची नावं घेत सव्वा-सव्वा मूठ गहू मोजतात, त्याच गव्हाचे रोट होतात. तुम्ही कुठल्याही शहरात असा, तुमच्या नावाची मूठ पडतेच. भाऊबंद सगळे जमतात, रात्र जागते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. बऱ्याच घराण्यांत कानबाई ठरलेल्या घरीच बसते. ती नव्या घरी आणायची तर काका-काकूंशी आधी बोलावं लागतं. आणि हे बोलणं व्हॉट्सअॅप ग्रुपवर होत नाही, बरं का.

नागपंचमीनंतरचा रविवार यंदा कुठल्या तारखेला येतो ते कॅलेंडरवर बघून ठेवा. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. आईला मात्र आजच फोन करा आणि विचारा, हॉलमधला तो सेंटर टेबल काढला तर पंचवीस माणसांची पंगत बसेल का?