भाड्याचे घर आणि पाळीव प्राणी : अट तोंडी नको, लेखी हवी

विटा व परिसरातील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. गावाकडील घर भाड्याने देऊन मालक दूरच्या राज्यात राहतो. 'आमच्याकडे एक कुत्रा आहे, चालेल ना?' असे भाडेकरूने दूरध्वनीवर विचारले, की 'बघा, घाण होऊ देऊ नका' एवढ्यावर बोलणे संपते. पुढील वादाचे मूळ बहुधा या अर्धवट संवादातच असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारालाही यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी घातलेली अट त्यामुळे मालकाच्या उपयोगी पडणे कठीण असते.

परवानगी द्यायची असल्यास करारात प्राण्याचा प्रकार व संख्या, रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला, अंगण व जिन्याची स्वच्छता आणि दारे-खिडक्यांच्या नुकसानीची भरपाई यांचा स्पष्ट उल्लेख असावा. घर ताब्यात देताना छायाचित्रे काढून ठेवल्यास अनामत रकमेवरून होणारे वादही टळतात. परवानगी द्यायची नसेल, तर तेही आधीच लिहावे. कुटुंब राहावयास आल्यानंतर नव्हे.

सदनिका गृहनिर्माण संस्थेत असल्यास आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, संस्थेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र, शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, तर ते भाडेकरूकडून घर परत मागण्याचे कारण अधिनियमाच्या कलम १६ मध्ये दिलेले आहे.

भाडेकरूनेही प्राणी लपवून ठेवू नये. त्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे किंवा घर बदलताना वाऱ्यावर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. मालक व भाडेकरू यांच्यातील भांडणात अखेर रस्त्यावर येतो तो मुका जीवच. करारातील चार स्पष्ट ओळी ती वेळ टाळू शकतात.