गव्हाचं पीठ आणि खडकातलं सोनं

टनभर खडकात 3 ग्रॅम सोनं असलं तरी खाण परवडू शकते. त्याच खडकाचा 30 ग्रॅमचा नमुना घेतला, तर त्यात सोनं असतं 0.09 मिलिग्रॅम. सगळं गोळा करून मणी केला, तरी खसखशीच्या दाण्याहून लहान होईल. शिवाय ते पुडीत विखुरलेलं असतं. हे सोनं शोधायला प्रयोगशाळा ज्या वस्तू हाताशी घेते, त्यांतली एक आहे गव्हाचं पीठ! आपल्या डब्यातलंच.

खडकाची पूड, मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, सोडा, टाकणखार आणि थोडं पीठ असं सगळं मुशीत घालून हजार अंशांच्या भट्टीत ठेवतात. सोडा आणि टाकणखारामुळे खडक चक्क काचेसारखा वितळतो. पिठातला कार्बन मुरदाडशिंगातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्या रसात शिशाचे असंख्य बारीक थेंब तयार होतात. शिसं जड, म्हणून थेंब खाली उतरू लागतात. मुशीच्या पोटात शिशाचा पाऊस पडतो! सोनं वितळलेल्या शिशात सहज विरघळतं, त्यामुळे वाटेत भेटलेला कण थेंब सोबत घेऊन जातो. मुशीतला रस ओतून निवू दिला की मळी वेगळी आणि शिशाचा गोळा वेगळा.

आता तीच क्रिया उलटी फिरवायची. गोळा हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत हवा खेळती ठेवली, की शिशाचं पुन्हा ऑक्साइड होऊ लागतं. वितळलेलं शिसं वाटीत मुरत नाही, पाऱ्यासारखं गोल राहतं. त्याचं ऑक्साइड मात्र वाटी पिऊन टाकते. सोनं-चांदीला हवा काही करू शकत नाही. शेवटचं शिसं गेलं की उरलेला मणी क्षणभर लखकन उजळतो. मला या सगळ्यात तो क्षण सर्वांत सुंदर वाटतो.

जर्मनीतल्या अग्रिकोलाच्या 1556 सालच्या ग्रंथात या भट्ट्यांची आणि तराजूंची चित्रं आहेत. आपल्याकडे सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहत आला. पण अंगठीत हजारात 916 भाग सोनं आहे का, याची पक्की खात्री हॉलमार्क केंद्रातही याच शिशाच्या भट्टीत होते.

खडकातून निघालेला मणी मात्र फार बारीक. त्याला आम्लराजात विरघळवून, त्या द्रवाचे तुषार ज्योतीत सोडता येतात. ही रीत ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन वॉल्शची. 1952 मध्ये एका रविवारी सकाळी बागेत काम करताना त्याला ती सुचली. ज्योतीच्या एका बाजूला दिवा असतो, आणि त्या दिव्याच्या पोटात सोनंच असतं. त्यातून सोन्याच्या खास तरंगलांबीचा प्रकाश निघतो. ज्योतीतले सोन्याचे अणू नेमका तोच प्रकाश टिपतात, इतर धातूंचे अणू तो जाऊ देतात. पलीकडे पोचलेला उजेड जितका कमी, तितकं त्या खडकात सोनं जास्त.