अंगणात पडलेली कॉन्टेसा विकायचीय? मग आधी आरसी बुक शोधा

सेवाग्राम आणि मोटारीचं नातं तसं गमतीशीर आहे. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्डचं इंजिन काढून तिला बैल जुंपले आणि तिचं नाव 'ऑक्सफर्ड' पडलं, हा किस्सा वर्ध्यात आजही सांगतात. पण प्रत्येक बंद मोटारीच्या नशिबी बैल नसतात. बहुतेक गाड्या लिंबाच्या झाडाखाली गंजत पडतात आणि एक दिवस भंगारवाला दारात येतो.

अमेरिकेत 1964 च्या पाँटियाक जीटीओनंतर 'मसल कार'चं वेड पसरलं. आपल्याकडे त्या गाड्या जवळपास आल्याच नाहीत. लांब बॉनेट आणि रुंद अंग यामुळे तो मान मिळाला हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाला. खरं तर सुरुवातीला तिच्यात ॲम्बॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, त्यामुळे दिसायला पैलवान आणि पळायला बेताची! पुढे इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आलं आणि गाडीत जीव आला. 2002 मध्ये उत्पादन थांबलं. म्हणूनच आज बंद पडलेल्या कॉन्टेसालाही गिऱ्हाईक असतं.

अशी गाडी विकताना पहिली चूक होते ती रंगाची. चार पैसे जास्त मिळतील म्हणून पुट्टी भरून नवा रंग मारला जातो. जाणकार गिऱ्हाईक मात्र अशा चकचकीत गाडीला बिचकतं, कारण रंगाखाली पत्रा किती खाल्लाय ते कळत नाही. त्यापेक्षा गाडी धुवून, गंजलेल्या तळाचे, दाराखालच्या पट्टीचे आणि बॅटरीच्या जागेचे स्पष्ट फोटो टाकावेत. विदर्भाच्या उन्हात डॅशबोर्ड तडकतो, बीडिंग कडक होतं. तेही दाखवावं. मूळ दिवे, ग्रिल, बिल्ले, व्हील कॅप काढून वेगळे विकू नयेत. इंजिन दुरुस्त होतं, पण हे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

आता खरी मेख. सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. कॉन्टेसा बाजारात आली 1984 च्या सुमारास. म्हणजे अजून काही वर्षं तिला साधी जुनी गाडी म्हणूनच वागवलं जाणार. 15 वर्षांनी आरसीचं नूतनीकरण लागतं. 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर. आणि गाडी तपासणीला न्यावी लागते, जी सुरूच होत नाही! म्हणून पैसे घालायचेच असतील तर रंगाऐवजी ब्रेक, दिवे आणि इंजिनावर घालावेत.

इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात का, हेही पाहावं. मधल्या काळात कोणी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर व्यवहार तिथेच अडतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करावी लागते.

साध्या विक्रीत फॉर्म 29 आणि 30 लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. वर्ध्याची एमएच 32 गाडी परराज्यात जाणार असेल तर एनओसीही हवी. अनेक जण इथे कंटाळा करतात आणि स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळे होतात. पण नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं? विजय कुमार यांनी गाडी 2007 मध्येच विकली होती, पुढे ती आणखी काही हातांत गेली आणि 2009 मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मात्र त्यांचंच होतं. भरपाईची जबाबदारी त्यांच्यावरच आली.

भंगारात द्यायची झाली तरी हाच धोका आहे. गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी, तिथलं प्रमाणपत्र घ्यावं आणि आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्यावी.