संकासुराचा काळा रंग

काकांनी 1992च्या जत्रेत व्हीएचएस कॅमेऱ्यावर टिपलेला दशावतार संगणकात उतरवायला घेतला, तेव्हा पडद्यावर आधी आलं ते करडं, सतत वर सरकणारं, तुटकं चित्र. रंगाचा मागमूस नाही. कुडाळकडच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लागली असणार, असं वाटून पोटात गोळा आला. पण तीच कॅसेट टीव्हीवर लावली तर रंगांसकट स्वच्छ दिसली. चूक कॅप्चर कार्डाच्या समजुतीत होती.

हे कार्ड म्हणजे यूएसबीला लावायची बोटभर डबी. एका टोकाला व्हीसीआरची पिवळी पिन, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या डब्यांच्या पोटात निरनिराळ्या चिपा असतात. माझ्या डबीत एसटीके1160 निघाली. लिनक्समधला तिचा ड्रायव्हर जोडल्याजोडल्या एनटीएससी पद्धत धरून चालतो. ती अमेरिका-जपानची: 525 रेषा, सेकंदाला जवळपास 30 चित्रं. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची: 625 रेषा, सेकंदाला 25 चित्रं. रंग वाहून नेणारी लहरही वेगळी, तिकडे 3.58 मेगाहर्ट्झ तर इकडे 4.43. म्हणून रंग गेला आणि चित्र जागेवर थांबेना.

कॅसेट पालची आहे हे कार्डाला सांगायला लिनक्सवर व्ही4एल2-सीटीएल नावाचं साधन आहे. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये ओळ लिहायची. आधी जोडलेली उपकरणं विचारायची, कारण व्हिडिओ0 हा क्रमांक बहुधा लॅपटॉपच्या स्वतःच्या वेबकॅमने घेतलेला असतो. मग कार्डाचं इनपुट निवडायचं: पिवळ्या पिनेसाठी कंपोझिट, नाहीतर एस-व्हिडिओ. मग पाल. चित्राचं माप सगळ्यात शेवटी.

हा क्रम मी दोन संध्याकाळी घालवून शिकलो. पाल सांगायच्या आधीच 576 ओळींचं माप मागितलं, तेव्हा ड्रायव्हरने नकार दिला नाही; जमेल ते, म्हणजे 480, लावून तो गप्प राहिला. व्ही4एल2 मध्ये, म्हणजे लिनक्सच्या व्हिडिओ-व्यवस्थेत, माप मागितलं की ड्रायव्हर आपल्याला झेपेल असं जवळचं माप लावतो. म्हणून मी प्रत्येक आज्ञेनंतर ‘आता काय लागलंय?’ असं विचारणारी आज्ञाही देतो. शिवाय चित्र वाहायला लागलं की पद्धत बदलता येत नाही; उपकरण व्यस्त आहे, एवढंच उत्तर येतं. डबी उपसून परत लावली की सगळं विसरून ती पुन्हा एनटीएससीवर. त्यामुळे या ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या आणि दर वेळी तीच चालवतो.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंगाची गडदता मात्र चालू चित्रावर बदलता येतात, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. एका टर्मिनलमधून चित्र बघायचं, दुसऱ्यातून आकडे हलवायचे. या कार्डावर ब्राइटनेस 0 ते 255, मूळ जागा 128. कॉन्ट्रास्ट 0 ते 127, मूळ जागा 64.

दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, भटजी आणि संकासुर समोरासमोर येतात. एकाचं धोतर पांढरंशुभ्र, दुसरा काळ्या वेशात, मागे रात्र, वर हॅलोजनचा झोत. मूळ आकड्यांवर धोतराच्या निऱ्या दिसतच नव्हत्या, नुसता पांढरा डाग. ब्राइटनेस उतरवला तर निऱ्या आल्या, पण संकासुर अंधारात विरघळला. हवेत फक्त त्याची लाल जीभ लोंबत राहिली. ब्राइटनेस पांढऱ्या-काळ्याला एकत्रच वर-खाली नेतो, हे तेव्हा नीट कळलं. मला दोघांमधलं अंतर कमी करायला हवं होतं, म्हणजे कॉन्ट्रास्ट. चित्र फिकं दिसलं तरी चालेल. ते नंतर उठावदार करता येतं. पण पांढऱ्यात बुडालेली निरी फाइलमध्ये उतरलीच नाही, तर ती नंतर कुठून आणणार?

अशा कच्च्या, न दाबलेल्या चित्राचे सेकंदाला 20 मेगाबाइटच्या वर होतात, तासाला साधारण 75 गिगाबाइट. तरी मी त्यातलं काही टाकून देत नाही. एफएफव्ही1 मध्ये ठेवतो, त्यात आकार घटतो आणि एकही ठिपका हरवत नाही. पेटी-मृदंगाचा आवाज डबीतूनच, पण वेगळं ध्वनी-उपकरण म्हणून येतो; त्याचं नाव रेकॉर्डिंगच्या आज्ञेत निराळं द्यावं लागतं.

कॉन्ट्रास्ट 64 वरून 60, मग 57, मग 54. प्रत्येक वेळी कॅसेट त्याच प्रसंगावर मागे न्यायची. 52 वर निऱ्या मोजता येऊ लागल्या, संकासुराच्या काळ्या अंगरख्याची घडी दिसली आणि त्याच्यामागे, आजवर कधीच न दिसलेला, पेटीवाल्याचा हात दिसला. आकडा फाइलमध्ये लिहिला, कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि रेकॉर्डिंगची आज्ञा दिली.