पू का होत नाही? पांढऱ्या पेशींच्या 'हाता'ची गोष्ट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. पण हे सैनिक रक्तातून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचतात कसे, हे सांगायचं राहून जातं.

समजा, कयाधूला पूर आलाय. वाहत चाललेल्या माणसाच्या हाती काठावरचं झुडूप लागलं तरच तो बाहेर येतो. रक्तातही तसंच. जखमेत जंतू शिरले की जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला आयकॅम-१ नावाची प्रथिनं वाढतात. ही झाली झुडपं. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-१८ हे प्रथिन असतं. सीडी-११ या जोडीदाराबरोबर ते हाताचं काम करतं. पेशी भिंत घट्ट धरते, तिच्यातून सरकून बाहेर येते आणि जंतूंना गिळते. या झुंजीत मेलेल्या पेशी साचल्या की आपण म्हणतो, पू झाला.

हा हातच नसला तर? या दुर्मिळ जन्मजात आजाराला एलएडी-१ म्हणतात. गंमत अशी की बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, अनेकदा २० हजारांच्याही वर. पण त्या रक्तातच फिरत राहतात. म्हणून जखम चिघळते, पण पू होत नाही.

पालकांनी लक्षात ठेवायच्या खुणा तीन: तीन आठवडे उलटूनही नाळ न गळणं, बेंबीला किंवा हिरड्यांना वारंवार संसर्ग, आणि पू न होता चिघळणाऱ्या जखमा. नाळ उशिरा गळली म्हणजे हाच आजार, असं मुळीच नाही; पण डॉक्टरांना दाखवा. नाळेला राख, तेल लावू नका, ती कोरडी ठेवा.

या प्रथिनाचा जीन २१ व्या गुणसूत्रावर असतो. आई-वडील दोघंही सदोष जीनचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः धडधाकट असतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं; एकाच घराण्यातला सदोष जीन तिथे दोन्हीकडून येऊ शकतो. म्हणून दोष सुनेला देऊ नका.

फ्लो सायटोमेट्री या रक्ततपासणीत सीडी-१८ आहे की नाही ते कळतं. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या एनआयआयएच संस्थेत अशा आजारांचं निदान होतं. आजार तीव्र असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच मुख्य उपाय, आणि तो जितका लवकर तितका चांगला.

पुढच्या वेळी 'सैनिक' शिकवताना मुलांना एवढं जरूर विचारा: सैनिक पुष्कळ आहेत, पण ते पोचले का?